डोळ्याची साक्ष आणि गणिताचा निवाडा

कागद, पेन्सिल, फूटपट्टी आणि कात्री एवढें साहित्य जवळ असलें म्हणजे पुढील प्रयोग कोणत्याही घरीं करून पाहतां येतो. जाड कागदावर आठ सेंटिमीटर लांब व आठ सेंटिमीटर रुंद असा चौरस काढावा आणि त्याचीं बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एकेका सेंटिमीटरचीं घरें पाडावीं. घरें चौसष्ट भरतील. याविषयीं कोणाचें दुमत होणार नाहीं. आतां वरच्या कडेपासून तीन घरें खालीं एक आडवी रेघ ओढून चौरस तिच्यावर कापावा. एक पट्टी आठ लांब व तीन रुंद होईल, दुसरी आठ लांब व पांच रुंद. तीन रुंदीची पट्टी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी कापली कीं दोन सारखे काटकोन त्रिकोण मिळतात. पांच रुंदीच्या पट्टीच्या वरच्या कडेवर डावीकडून पांच घरें मोजून एक खूण करावी, खालच्या कडेवर डावीकडून तीन घरें मोजून दुसरी करावी, आणि या दोन खुणा जोडणाऱ्या रेषेवरून कात्री चालवावी. त्यायोगें दोन सारखे समलंब चौकोन निघतात. असे एकूण चार तुकडे झाले.

हेच तुकडे आतां निराळ्या रीतीनें मांडावे. त्रिकोणाची तीन घरांची बाजू समलंब चौकोनाच्या तीन घरांच्या बाजूला भिडवावी, म्हणजे तेरा घरें लांब व पांच घरें उंच असा एक मोठा काटकोन त्रिकोण तयार झालेला दिसतो. उरलेल्या दोन तुकड्यांचाही तसाच त्रिकोण करून तो पहिल्यावर उलटा बसविला कीं तेरा लांब व पांच रुंद असा आयत पुरा होतो. तेरा पंचे पांसष्ट! कागद तोच, तुकडे तेच. कात्रीनें कांहीं उडविलें नाहीं कीं डिंकानें कांहीं चिकटविलें नाहीं. मग हें पांसष्टावें घर आलें कोठून?

हें कोडें जर्मन गणितज्ञ श्ल्योमिल्ख यांनीं १८६८ मध्यें एका गणितविषयक नियतकालिकांत छापलें, आणि तेव्हांपासून तें जगभर फिरत आहे. १९५३ मध्यें न्यूयॉर्कच्या पॉल करी या हौशी जादूगारानें त्याच तत्त्वावर एक त्रिकोण रचला. त्याचे तुकडे जागा बदलून मांडले कीं त्रिकोण तेवढाच दिसतो, परंतु पोटांत एका घराचें भोंक पडतें. या गोष्टी मुलांच्या करमणुकीच्या आहेत असें म्हणून सोडून देतां येतील. पण तसें करणें शहाणपणाचें होणार नाहीं. तुकड्यांची मांडणी बदलल्यानें क्षेत्रफळ खरोखरच वाढत असेल, तर क्षेत्रफळ या शब्दालाच अर्थ उरत नाहीं. मग जमिनीची मोजणी, शिंप्याची कापणी आणि फरशीवाल्याचा हिशेब हीं सर्व निराधार ठरतील.

शिवाय भूमितींतील कित्येक उत्तमोत्तम सिद्धता अशाच कापाकापीवर उभ्या आहेत. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हा सिद्धान्त भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणितांत याच मार्गानें दाखविला आहे. त्यांच्या उदाहरणांतील त्रिकोणाच्या बाजू पंधरा आणि वीस. असे चार त्रिकोण चक्राकार मांडले म्हणजे त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येऊन एक मोठा चौरस होतो आणि मध्यें पांच बाजूचा एक लहान चौरस मोकळा राहतो. प्रत्येक त्रिकोणाचें क्षेत्रफळ दीडशें, चारांचें सहाशें, मधल्या चौरसाचें पंचवीस, एकूण सहाशें पंचवीस. त्याचें वर्गमूळ पंचवीस, हाच कर्ण. तेव्हां तुकडे जुळविण्याची एक क्रिया शुद्ध सिद्धता ठरते आणि तशीच दुसरी चौसष्टाचे पांसष्ट करून दाखविते. या दोहोंत भेद कोठें आहे हें सांगतां आलें पाहिजे. नाहीं तर पहिलीवरही विश्वास ठेवण्यास आधार राहणार नाहीं.

भेद आहे तो असा. चौसष्टाच्या कोड्यांत त्रिकोणाची तिरपी बाजू आठ घरें आडवें गेल्यावर तीन घरें चढते. म्हणजे दर घरामागें तिचा चढ ०.३७५. समलंब चौकोनाची तिरपी बाजू पांच घरें आडवें गेल्यावर दोन घरें चढते. तिचा चढ दर घरामागें ०.४. हे दोन चढ सारखे नाहींत. त्यामुळें दोन तुकडे एकापुढें एक ठेवले असतां त्यांच्या तिरप्या बाजू मिळून एक सरळ रेषा होत नाहीं. सांध्यापाशीं ती किंचित् मोडते. हा मोड सव्वा अंशाच्या आसपासचा, म्हणजे डोळ्याला न जाणवण्याइतका असतो. आयताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जी एकच कर्णरेषा दिसते, ती वास्तविक रेषा नसून एक अतिशय अरुंद, लांबट, समांतरभुज फट आहे. तिची उभी रुंदी जास्तींत जास्त एका घराचा आठवा भाग, म्हणजे सव्वा मिलिमीटर. परंतु लांबी मात्र जवळजवळ चौदा घरांची. या फटीचें क्षेत्रफळ काढावें, तें बरोबर एक घर भरतें. पांसष्टावें घर कोठूनही आलेलें नाहीं. तें कर्णाच्या लांबीवर सुतासारखें पसरलें आहे. कात्रीच्या ओबडधोबड कापणीमुळें एवढी फट पडणारच असें समजून डोळा तिकडे काणाडोळा करतो.

भास्कराचार्यांच्या चौरसांत मात्र असा मोड राहूं शकत नाहीं. तेथें काटकोन त्रिकोणाचे दोन लघुकोन मिळून काटकोन होतो, म्हणून चारही कोपरे नेमके जुळतात. तेथील जुळणी डोळ्याला पटली म्हणून खरी मानलेली नाहीं; कोनांची बेरीज तशी आहे म्हणून ती खरी आहे. सिद्धता आणि हातचलाखी यांतील अंतर एवढेंच, पण तें पुष्कळ आहे.

आतां असें विचारतां येईल कीं कोडें रचणाऱ्यानें नेमक्या तीन, पांच, आठ आणि तेरा याच संख्या कां घेतल्या? १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ या मालिकेंत प्रत्येक संख्या ही आधींच्या दोन संख्यांची बेरीज असते. युरोपांत ही मालिका फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नांवानें ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ मधला. आपल्याकडे ती त्याच्या आधींच छंदःशास्त्रांत अवतरली होती. लघु अक्षराची एक मात्रा व गुरु अक्षराच्या दोन मात्रा धरल्या, तर चार मात्रांचा चरण पांच प्रकारांनीं रचतां येतो, पांच मात्रांचा आठ प्रकारांनीं आणि सहा मात्रांचा तेरा प्रकारांनीं. बाराव्या शतकांतील जैन आचार्य हेमचंद्र यांनीं हा बेरजेचा नियम स्पष्ट सांगितला आहे. या मालिकेचा एक गुण असा कीं कोणतीही संख्या घेऊन तिचा वर्ग केला आणि तिच्या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार केला, तर दोहोंत नेहमीं एकाचाच फरक पडतो. आठाचा वर्ग चौसष्ट, पांच गुणिले तेरा पांसष्ट. तेराचा वर्ग एकशें एकोणसत्तर, आठ गुणिले एकवीस एकशें अडुसष्ट. येथें एक घर वाढण्याऐवजीं नाहींसें होतें, कारण तुकडे एकमेकांवर किंचित् चढतात. एकविसाचा वर्ग चारशें एकेचाळीस, तेरा गुणिले चौतीस चारशें बेचाळीस. संख्या जसजशा मोठ्या घ्याव्या तसतसा सांध्यावरचा मोड बारीक होत जातो. तेरांच्या चौरसांत तो अर्ध्या अंशाहून कमी, आणि एकविसांच्या चौरसांत अंशाचा पांचवा हिस्साही भरत नाहीं. फसवणूक मात्र प्रत्येक वेळीं पुऱ्या एका घराचीच. डोळ्याला चुकवील अशी खोटी रेषा गणितानेंच इतक्या काटेकोरपणें पुरविली आहे, ही या कोड्याची खरी मौज.

दिसण्यांत आकृति, पण वास्तविक आकृति नव्हे, या प्रकाराला आपल्या परंपरेंत एक नेमका शब्द आहे. इ. स. ११५० मध्यें लिहिलेल्या लीलावतींत भास्कराचार्यांनीं त्याला 'अक्षेत्र' म्हटलें आहे. चौकोनाच्या बाजू तीन, सहा, दोन व बारा, आणि त्रिकोणाच्या बाजू तीन, सहा व नऊ, अशीं उदाहरणें ते देतात आणि बजावतात कीं कोणी धीट मनुष्य असें क्षेत्र सांगूं लागला तर तें क्षेत्रच नव्हे असें समजावें. कारण सरळ बाजूंच्या क्षेत्रांत कोणतीही एक बाजू ही उरलेल्या बाजूंच्या बेरजेपेक्षां लहानच असली पाहिजे. तीन आणि सहा मिळून नऊच होतात. तेव्हां तो त्रिकोण नऊ लांबीच्या रेषेवर आडवा पडून नाहींसा होतो. याहून महत्त्वाची त्यांची पुढची सूचना आहे. बाजूंच्या मापाच्या सरळ काड्या घेऊन त्या बाजूंच्या जागीं ठेवाव्या व क्षेत्र कसें जुळत नाहीं तें दाखवून द्यावें, असें ते सांगतात. आकृति काढून पाहा असें ते म्हणत नाहींत, कारण कागदावर अथवा पाटीवर हात थोडासा सैल सोडला कीं वाटेल तें जुळवितां येतें. सरळ काडी तशी सवलत देत नाहीं. चौसष्टाच्या कोड्यालाही हीच कसोटी लावावी. सांध्यावर फूटपट्टीची कड ठेवतांच एका ठिकाणीं कागद पट्टीखालीं शिरतो आणि दुसऱ्या ठिकाणीं उजेडाची रेघ दिसते. तेरा आणि पांच बाजूंचा तो त्रिकोण म्हणजे एक अक्षेत्रच होय.

भास्कराचार्यांचें आणि महाराष्ट्राचें नातें जवळचें आहे. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें त्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला होता. त्याविषयींचा तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख तेथील देवळांत असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणला. लीलावतीवर कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५४५ मध्यें टीका लिहिली, आणि त्या टीकेसह लीलावती पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेनें १९३७ मध्यें छापून काढली. तेव्हां हा शब्द पुणेकरांना परका वाटण्याचें कारण नाहीं.

त्याच ग्रंथांतील दुसरा इशारा तर आजच्या गृहस्थालाही उपयोगी पडणारा आहे. चौकोनाच्या चारही बाजू सांगितल्या म्हणजे त्याचें क्षेत्रफळ ठरलें, असें पुष्कळांना वाटतें. कारण कागदावर चौकोन काढतांना हात सहजच काटकोन धरतो. भास्कराचार्य म्हणतात कीं कर्ण किंवा लंब न सांगतां जो चौकोनाचें निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच समजावा, आणि जो तें सांगूं लागतो तो त्याहून मोठा पिशाच. रागाचें कारण ते उदाहरणानें पटवितात. चारही बाजू पंचवीस असा चौकोन घ्यावा. कर्ण सारखे असतील तर क्षेत्रफळ सहाशें पंचवीस. समोरासमोरचे दोन कोपरे आंत दाबले म्हणजे एक कर्ण आंखूड होतो व दुसरा लांबतो. कर्ण तीस आणि चाळीस झाले तर क्षेत्रफळ सहाशें. चौदा आणि अठ्ठेचाळीस झाले तर केवळ तीनशें छत्तीस. बाजूंची लांबी कोठेंही तसूभर बदललेली नाहीं.

ही गोष्ट गुंठ्याच्या हिशेबांत मांडून पाहावी. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद अशी चौरस जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. शहराबाहेर घरासाठीं भूखंड घेणारा मनुष्य चारही बाजूंनीं फीत धरतो, प्रत्येक बाजू तेहतीस भरते आणि तो समाधानानें परततो. परंतु त्या जागेचे कर्ण ३९.६ फूट आणि ५२.८ फूट असतील, तर जागा १,०४५ चौरस फुटांहून फारशी अधिक नाहीं. सुमारें चव्वेचाळीस चौरस फूट, म्हणजे एका लहानशा न्हाणीघराएवढी जागा, त्यानें न घेतांच विकत घेतली. गवतानें भरलेल्या, मध्यें दोन बाभळी उभ्या असलेल्या रानांत एवढा तिरपेपणा डोळ्यानें ओळखणें कठीण आहे. दोन्ही कर्ण मोजले कीं तो ताबडतोब उघडा पडतो. खऱ्या चौरसाचे दोन्ही कर्ण पावणेसत्तेचाळीस फुटांच्या आसपास सारखेच भरले पाहिजेत. पाया आंखतांना जाणता गवंडी कर्ण ताडून पाहतो आणि दोरीवर तीन, चार व पांच फुटांच्या खुणा करून काटकोन धरतो, तो याच कारणानें. पुस्तकांतील सिद्धान्त येथें व्यवहाराच्या पाठीशीं उभा आहे.

डोळा असा कां फसतो, याचा विचार आतां करावयास हवा. भ्रमाचा विषय निघाला कीं आपल्याकडे दोरी आणि साप यांचा दृष्टान्त येतो. अंधारांत दोरी सापासारखी दिसते. दिवा आणला कीं साप नाहींसा होतो आणि पुन्हां दिसत नाहीं. भूमितींतील दृष्टिभ्रम मात्र निराळ्या जातीचा आहे. कागदावर सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढाव्या. एकीच्या दोन्ही टोकांना बाणाच्या फाळासारख्या, मागें वळलेल्या दोन दोन तिरप्या रेघा द्याव्या. दुसरीच्या दोन्ही टोकांना बेचक्यासारख्या, बाहेर फांकणाऱ्या द्याव्या. बेचक्याची रेघ स्पष्टपणें लांब दिसते. फूटपट्टी लावून दोन्ही सारख्या आहेत अशी खात्री करून घेतली, तरी पट्टी उचलतांच ती पुन्हां लांब दिसूं लागते. ज्ञान झालें, पण भ्रम गेला नाहीं. वेदान्तांत दोरीवरच्या सापाला निरुपाधिक भ्रम म्हणतात, आणि जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो त्याला सोपाधिक भ्रम म्हणतात. स्फटिक पांढरा आहे हें ठाऊक असूनही फूल जवळ असेपर्यंत तो तांबडाच दिसणार. रेघांची ही आकृति दुसऱ्या वर्गांत पडते. तिरप्या रेघा ही तिची उपाधि होय.

ही आकृति जर्मन शास्त्रज्ञ म्युलर-लायर यांनीं १८८९ मध्यें प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं १८६० मध्यें त्सोल्नर नांवाच्या खगोलज्ञाला कापडावरील नक्षींत असें आढळलें कीं समांतर रेषांवर आंखूड तिरप्या रेघा मारल्या म्हणजे त्या रेषा एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात. १९११ मध्यें इटलींतील पोंझो यांनीं दाखविलेली आकृति तर पुणें स्टेशनच्या पुलावर उभें राहणाऱ्याला रोजच दिसते. आगगाडीचे दोन रूळ एकमेकांपासून सर्वत्र १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपांच फूट अंतरावर असतात. तरी दूरवर ते जवळ येत येत मिळाल्यासारखे दिसतात. अशा जवळ येणाऱ्या दोन रेषा कागदावर काढून त्यांवर खालीं एक व वर एक अशा सारख्या लांबीच्या दोन आडव्या काड्या ठेवाव्या. वरची काडी मोठी दिसते, कारण ती दूरची आहे असें डोळा मनाशीं धरतो. दूर असून दृष्टीला तेवढीच भरते, त्या अर्थीं ती मोठीच असली पाहिजे, असा त्याचा हिशेब.

कोजागरीच्या संध्याकाळीं पर्वतीच्या पायऱ्या चढून पूर्वेकडे पाहिलें असतां उगवणारा चंद्र परातीएवढा दिसतो आणि मध्यरात्रीं डोक्यावर आला म्हणजे वाटीएवढा होतो. वास्तविक उगवतांना तो डोक्यावर असतांनापेक्षां पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारें ६,४०० किलोमीटर दूर असतो. म्हणून त्याचें बिंब त्या वेळीं साठाव्या हिश्शानें लहानच असतें. हात पुरा लांब करून बोटांत धरलेला वाटाण्याचा दाणा दोन्ही वेळां त्याला झांकून टाकतो. या भ्रमाच्या कारणाविषयीं शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत नाहीं. क्षितिजावरील झाडें, घरें व डोंगर यांमुळें चंद्र अधिक दूरचा वाटतो आणि म्हणून मोठा भासतो, हा त्यांतील एक जुना व प्रमुख तर्क आहे.

या सर्वांच्या मुळाशीं एक सामान्य अडचण आहे. डोळ्याच्या पडद्यावर पडणारें चित्र सपाट असतें. जग मात्र लांबी, रुंदी व खोली यांचें आहे. तेंच सपाट चित्र जवळच्या लहान वस्तूपासून पडूं शकतें आणि दूरच्या मोठ्या वस्तूपासूनही. यांतली कोणती, हें चित्र सांगत नाहीं. तें मेंदूला ताडावें लागतें. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्स यांनीं एकोणिसाव्या शतकांत याला नकळत होणारें अनुमान म्हटलें. आपल्या तार्किकांच्या भाषेंत बोलावयाचें तर ज्याला आपण शुद्ध प्रत्यक्ष समजतों त्याच्याही पोटांत अनुमान दडलेलें असतें. तें बहुधा बरोबर येतें, म्हणूनच माणूस गर्दीच्या रस्त्यांतून धक्का न लागतां चालतो. कोडें रचणारा मनुष्य त्याला अशा जागीं गांठतो कीं जेथें नेहमींचें अनुमान लागूं पडत नाहीं.

हें अनुमान मनुष्य अनुभवानें शिकतो कीं जन्मतःच घेऊन येतो, हा प्रश्न पुष्कळ दिवस वादांत होता. १९६६ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं निरनिराळ्या देशांतील लोकांच्या चांचण्या प्रसिद्ध केल्या, त्यांत रेघांच्या भ्रमाला सर्व समाज सारखेच बळी पडत नाहींत असें दिसलें. चौकोनी खोल्यांत व सरळ रस्त्यांवर वाढल्यानें डोळ्याला ही संवय लागते, असा निष्कर्ष त्यांतून काढला गेला. पुढें पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पांत भारतांतील जन्मापासून मोतीबिंदूनें आंधळ्या असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होऊं लागल्या. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आठ ते सोळा वर्षांच्या अशा नऊ मुलांची हकीकत आहे. दृष्टि येतांच त्यांना पोंझो आणि म्युलर-लायर यांच्या आकृति दाखविल्या, तेव्हां त्यांनाही त्याच भ्रमांनीं फसविलें. ज्यांनीं आगगाडीचे रूळ किंवा घराचा कोपरा कधीं नीट पाहिलाच नव्हता, त्यांची ही गोष्ट. तेव्हां या अनुमानाचा निदान कांहीं भाग दृष्टीबरोबरच येतो, तो वर्षानुवर्षांच्या शिकवणीचा नव्हे, असें मानण्यास जागा आहे.

डोळ्याच्या या स्वभावाचा कलावंतांनीं फार पूर्वींच उपयोग करून घेतला आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एका खांबाच्या शिरावर चार हरणें कोरलीं आहेत आणि त्या चौघांना मिळून एकच डोकें आहे. कोणत्याही एका हरणाच्या अंगावरून नजर मानेपर्यंत नेली कीं तें डोकें त्याचेंच वाटतें. दुसऱ्याकडे वळलें कीं त्याचें. एकच नाणें चार खात्यांवर जमा करावें तसा डोळा तें डोकें चार वेळां मोजतो. चौसष्टाच्या कोड्यांतही तो एकच रेषा दोन निरनिराळ्या चढांच्या नांवें जमा करीत असतो. १९५८ मध्यें पेनरोझ पितापुत्रांनीं प्रसिद्ध केलेला लांकडी चौकटीसारखा त्रिकोण याच कुळांतला. त्याचा प्रत्येक कोपरा सुताराला करतां येईल असा आहे, परंतु तिन्ही कोपरे जोडून पुरी चौकट मात्र कोणालाही करतां येणार नाहीं. भास्कराचार्यांच्या काड्या तेथेंही अक्षेत्राचाच निर्णय देतील.

अशा रीतीनें पाहतां गणिताला आव्हान देणारें कोडें गणिताला कोठेंच धक्का लावीत नाहीं. प्रत्येकांत एक पायरी अशी असते कीं जी मापानें न ठरवितां डोळ्याच्या भरंवशावर ओलांडली जाते. ती पायरी शोधणें हेंच कोडें सोडविणें. 'येथें रेषा सरळ आहे', 'हा कोन काटकोन आहे', 'हे दोन तुकडे नेमके जुळतात', अशीं वाक्यें कोणीं व कशाच्या आधारें म्हटलीं, हें विचारण्याची संवय घरांतील मुलांना अशा खेळांतून लागली, तर पुढें सात-बाराचा उतारा, घराचा नकाशा किंवा बाजारांतील आलेख वाचतांनाही ती उपयोगी पडेल. यासाठीं डोळ्यावर अविश्वास दाखवावयाचा असें नाहीं. त्याच्यावांचून चौरस काढतांही येणार नाहीं. गवंडीही आधीं लांबून भिंत निरखतो आणि ती सरळ आहे कीं नाहीं याचा अंदाज बांधतो. तो अंदाज वर्षानुवर्षांच्या कामानें पुष्कळ अचूक झालेला असतो. तरीही पुढचा थर चढविण्यापूर्वीं तो खिशांतून ओळंबा काढतो आणि भिंतीला लावून पाहतो.